पस्तीस अँपिअरचा हिशेब

लेस्टर हे इंग्लंडमधील शहर आपल्या समाजाला परके नाही. पूर्व आफ्रिकेतून तेथे गेलेल्या जैन बांधवांनी एका जुन्या चर्चच्या वास्तूत जिनालय उभारले आणि १९८८ मध्ये त्याची प्रतिष्ठा झाली. डिसेंबरअखेर तेथे सूर्य उगवतो तो आठ वाजून गेल्यावर. अशा सकाळी आपल्या वृद्ध मातोश्रींना दर्शनास नेणाऱ्या तेथील एका दुकानदाराकडे १९६० च्या दशकातील मॉरिस मायनर आहे. आपली ॲम्बॅसडर ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घडली, तिचीच ही धाकटी बहीण; १९४८ ते १९७१ या काळात ती तयार होत असे.

गेल्या हिवाळ्यात या गाडीच्या हीटरचा पंखा बंद पडला. थंडी शालीने भागते. पण समोरच्या काचेवर आतून दाटणारे बाष्प शालीने हटत नाही, आणि समोरचे न दिसता गाडी हाकणे म्हणजे जिवाशी खेळ. संपूर्ण हीटर बदलावा, असा सल्ला एका गॅरेजने दिला. दुकानदाराने तो मानला नाही, हे उत्तमच झाले.

या हीटरची रचना साधी आहे. इंजिनातील गरम पाणी नळ्यांच्या जाळीतून फिरते आणि विजेचा छोटा पंखा त्यावरून हवा ढकलतो. प्रथम बॅटरी सोडवली. येथे सवय घात करते, कारण या गाडीत आजच्या गाड्यांच्या उलट बॅटरीचे धन टोक पत्र्याला जोडलेले असते. म्हणून आधी तेच काढावयाचे. पंखा बाहेर काढून बॅटरीवरून थेट वीज दिली, तरी तो निश्चल. म्हणजे दोष मोटरीतच. उघडून पाहता कार्बन ब्रश झिजून स्प्रिंगपर्यंत पोहोचले होते. नवे ब्रश बसवले, तांब्याचा कम्युटेटर बारीक काचकागदाने उजळला, बेअरिंगला तेलाचा एक थेंब दिला. हिरव्या तारेवरचे रबर कडक होऊन तडकले होते, तीही बदलली. पत्र्याला जोडलेल्या काळ्या तारेखालचा गंज खरवडला. कित्येकदा सारा बिघाड एवढाच असतो.

उरला फ्यूज. जुन्या काचेच्या फ्यूजवर ३५ हा आकडा होता, म्हणून दुकानदाराने आधुनिक पद्धतीचा ३५ अँपिअरचा नवा फ्यूज आणला होता. आकडा तोच, अर्थ मात्र निराळा. जुन्या ब्रिटिश फ्यूजवरील ३५ म्हणजे तो वितळण्याचा आकडा. सतत वाहून नेण्याची त्याची मर्यादा १७. आधुनिक फ्यूजवर मात्र सतत वाहून नेण्याचाच आकडा छापतात. तो बसवला असता तर बिघाडाच्या प्रसंगी दुप्पट वीज वाहती राहिली असती आणि फ्यूजआधी तारच तापून पेटली असती. तीही मातोश्रींच्या पायांजवळ. खातेवहीतील रक्कम बरोबर, पण चलन चुकलेले, असा हा प्रकार.

नवा फ्यूज परत गेला, योग्य फ्यूज बसला. पंखा फिरला, काच दोन-चार मिनिटांत निवळली. मातोश्रींनी शाल मात्र उतरवली नाही. फ्यूजपेटीजवळ आता एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: ‘सतत १७, वितळतो ३५ ला.’