पेमगिरीचा वड

कॅलिफोर्नियातले रेडवूड आभाळाकडे वाढतात. त्यातला सर्वांत उंच 115 मीटरच्याही वर गेला आहे. आपल्या संगमनेर तालुक्यातल्या पेमगिरीचा महावटवृक्ष मात्र आडवा पसरत गेला. काही एकर जागा या एकाच झाडाने व्यापली आहे.

फांदीवरून सुटलेली पारंबी आधी दोरीसारखी लोंबते. जमिनीला टेकली, रुजली की जाड होत जाते आणि फांदीला पाणी पुरवता पुरवता तिचा भारही पेलते. त्यामुळे मूळ खोड गेले तरी वड जगतो. हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचे कुजलेले मुख्य खोड 1925 मध्ये काढून टाकले. झाड आजही हिरवेगार आहे.

याच पेमगिरीच्या किल्ल्यावर 1630च्या दशकात शहाजीराजांनी बाल निजामशहाला गादीवर बसवून कारभार हाती घेतला होता. इतिहासासाठी गडावर जाणाऱ्यांनी वडाखालीही निवांत बसावे.

एकच कळकळीची विनंती: कोवळ्या पारंब्यांना लोंबकळू नका, खोडावर नावे कोरू नका. पारंबीचे टोक तुटले, की होऊ घातलेला एक खांब लांबणीवर पडतो.