चिऊताईचं घर उन्हात टिकेल का?

पाऊस घरात शिरतो म्हणजे काय होतं, हे विठ्ठलवाडीतल्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही. वालधुनी नदी चढली की गाद्या आणि पिठाचा डबा आधी पलंगावर जातो. 26 जुलै 2005 चा पूर तर इथल्या घरांत अजून सांगितला जातो. त्यामुळे चिऊ-काऊचं चित्रपुस्तक उघडलं की इथली मुलं पुढे सरकून बसतात.

‘गोष्टी करमणुकीला, विज्ञान माहितीच्या पुस्तकात’ असं पालक सर्रास म्हणतात. हे मला मुळीच पटत नाही. एकच पाऊस, काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं. शेणाचं वाहून गेलं, मेणाचं राहिलं. पदार्थांची तुलना याहून सोपी करून कुणी दाखवली आहे? माझ्या पाच वर्षांच्या भाचीने पुढचं विचारलं, “मावशी, मे महिन्यात चिऊताईचं घर वितळेल ना?” आम्ही एक मेणबत्ती ताटलीत आडवी ठेवून खिडकीच्या कठड्यावर दुपारभर उन्हात राहू दिली. संध्याकाळी ती केळ्यासारखी वाकलेली होती. मधमाश्यांचं मेण साधारण 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळतं, पण मऊ पडायला त्याच्या बरंच आधी लागतं.

आणि शेण वाईट, हाही गैरसमजच. कुडाच्या भिंती शेणामातीनेच लिंपतात, पण छप्पर भिंतीच्या पुढे काढतात, म्हणजे पागोळ्या लांब पडतात. काऊचं चुकलं ते छपरात. दगड पावसात कसा टिकतो, हेही जवळच पाहता येतं: वालधुनीच्याच काठी अंबरनाथचं शिवमंदिर काळ्या दगडात 1060 पासून उभं आहे. पुस्तक मिटल्यावर मुलांना तिथे जरूर न्यावं.

प्राणी बोलतात म्हणून मुलं चुकीचं शिकतात, या भीतीत मात्र तथ्य आहे. टोरांटोच्या पॅट्रिशिया गनिया आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवलं, की प्राण्यांना माणसासारखं रंगवून सांगितलं तर लहान मुलं माणसाचे गुण खऱ्या प्राण्यांनाही चिकटवतात. म्हणून गोष्ट टाकून द्यायला नको. “खरी चिमणी घर कशाचं बांधते?” एवढं विचारावं आणि खिडकीतून काडी नेणारी चिमणी दिसली तर दाखवावी.

तहानलेला कावळा म्हणजे निव्वळ कल्पना, असंही अनेकांना वाटतं. 2009 मध्ये ख्रिस्तोफर बर्ड आणि नेथन एमरी यांनी रूक या कावळ्याच्या जातभाईंपुढे पाण्याची नळी ठेवली, पाण्यावर अळी तरंगत होती. पक्ष्यांनी खडे टाकून पाणी वर आणलं आणि मोठे खडे निवडायलाही ते शिकले.

पण गोष्टीतली युक्ती दर वेळी चालत नाही. सरळ बरणीत पाव भाग पाणी घ्या आणि काठोकाठ गोट्या भरा. पाणी काठापर्यंत येतच नाही, गोट्यांच्या फटींत दडून बसतं. गोट्या भरल्या तरी साधारण 40 टक्के जागा फटींचीच राहते, तेवढं पाणी तरी आधी हवं. अर्धी बरणी पाणी असेल तर ते काठाशी येतं.

भाचीने दोन्ही बरण्या बराच वेळ पाहिल्या. मग पाव पाण्याच्या बरणीत बोट घालून म्हणाली, “या कावळ्याने दुसरं मडकं शोधायला हवं.”