घरावरचा बोर्ड, मांगरावरचा फलक: लावण्याआधी काय बघायचं



गेल्या महिन्यात आपल्या कचेरीत तीन सभासद वेगवेगळ्या दिवशी एकाच प्रकारचा कागद घेऊन आले. पंचायतीची नोटीस. एकाच्या घराच्या रस्त्याकडच्या भिंतीवर एका कंपनीची जाहिरात रंगवलेली. दुसऱ्याने जाळी ठेवायच्या मांगरावर लोखंडी सांगाडा उभा करून त्यावर फ्लेक्स चढवलेला. आणि तिसरी आपली एक मावशी, तिने मासळीच्या ओट्याजवळच्या विजेच्या खांबाला पत्र्याचा छोटा बोर्ड तारेने बांधलेला. तिघांचंही म्हणणं एकच, "घर माझं, धंदा माझा, मग परवानगी कसली?" मावशीला आम्ही विचारलं, "बाय, धंदा तुझा, पण खांब कुणाचा?" त्यावर ती हसली, पण नोटीस काही हसण्यावारी नेता येत नाही. म्हणून हा विषय एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं.

आधी परवानगी कुणाकडे मागायची ते. गावात राहत असाल तर ग्रामपंचायत, शहरात असाल तर नगरपालिका, पणजीत असाल तर महापालिका. राष्ट्रीय महामार्गाच्या जमिनीवर, म्हणजे आपल्याकडे 66 नंबरच्या रस्त्याच्या हद्दीत, बोर्ड रोवायचा असेल तर पंचायतीचा कागद पुरत नाही. तिथे 2002 चा महामार्ग जमिनीचा वेगळा कायदा लागतो आणि परवानगी महामार्गवाल्यांची लागते. विजेचा खांब वीज खात्याचा, तिथे बोर्ड बांधायचाच नाही. पाऊस, ओला खांब आणि लोखंडी तार एकत्र आले की काय होतं ते सांगायला नको. मावशीचा बोर्ड आम्ही त्याच दिवशी उतरवून तिच्या ओट्याच्या छपराला आतल्या बाजूने लावून दिला. विषय संपला.

भिंतीची गोष्ट मात्र एवढी सोपी नाही. मे महिन्यात कंपन्यांची माणसं गाडी घेऊन किनाऱ्यावरच्या गावांत फिरतात. "भिंत रंगवून देतो, फुकट," म्हणतात. पावसाआधी भिंतीला रंग मिळतो म्हणून आपला माणूस हो म्हणतो. पण गोव्यात मालमत्ता विद्रूप करण्यावर बंदी घालणारा कायदा 1988 पासून आहे. लोकांच्या नजरेस पडणारी भिंत, झाड, कुंपण, खांब हे सगळं त्यात मालमत्ता म्हणून धरलं जातं. मालकाचं किंवा तिथे राहणाऱ्याचं नाव-पत्ता लिहिण्याला सूट आहे. बाकीचं लिखाण, रंगवणं ही सूट घेऊन करता येत नाही. म्हणजे घरावर तुमचं नाव, घर नंबर, आडनाव हवं तेवढं मोठं लिहा. पण अख्ख्या भिंतीवर सिमेंटची नाहीतर मोबाइलची जाहिरात आली तर ती तुमची सूट नव्हे. जाहिरात ज्याच्या फायद्यासाठी केली तोही अशा कायद्यात जबाबदार धरला जातो, पण कंपनीचं ऑफिस दूर कुठेतरी असतं आणि नोटीस चिकटते तुमच्या दाराला. रंगवायला कुणी आला तर त्याच्याकडे आधी लेखी परवानगी मागा. नसेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

निवडणूक जाहीर झाली की हीच भिंत आणखी अवघड जागा होते. विधानसभा, लोकसभेच्या वेळी निवडणूक आयोगाच्या नियमाने सरकारी इमारतींवरचा प्रचार 24 तासांत, इतर सार्वजनिक जागांवरचा 48 तासांत आणि खासगी मालमत्तेवरचा, विनापरवाना असेल तर, 72 तासांत उतरवावा लागतो. कुणाचा झेंडा घरावर लावायचा तर तो तुमच्या खुशीने, लेखी संमतीने. दबावाने नाही. आपली संस्था कुठल्याच पक्षाची नाही, त्यामुळे संस्थेच्या शेडवर कुणाचाच लागणार नाही, हे पुन्हा एकदा सांगून ठेवतो.

आता मांगरावरच्या सांगाड्याचं. यात नियमापेक्षा वारा मोठा आहे. 13 मे 2024 रोजी मुंबईत घाटकोपरला संध्याकाळच्या वादळात होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं, 17 माणसं गेली. ते 120 बाय 120 फुटांचं होतं, महापालिकेची मर्यादा 40 बाय 40 फूट. आपला बोर्ड एवढा नसतो हे खरं, पण आपल्याकडचा वारा समुद्रावरून थेट येतो. शीड कसं ओढतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको, आणि बोर्ड म्हणजे न गुंडाळता येणारं शीड. साधा हिशेब करून बघितला. 10 बाय 6 फुटांचा बोर्ड, वारा ताशी 50 किलोमीटर असेल तर त्यावर साधारण 65 किलोचा दाब येतो. वारा 100 झाला की दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो, म्हणजे अडीचशे किलोच्या वर. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भारतीय मानकात पणजीसाठी सेकंदाला 39 मीटर हा वेग धरलेला आहे, म्हणजे ताशी 140 किलोमीटर. तेवढ्या वाऱ्यात त्याच बोर्डवर पाचशे किलोच्या पुढे दाब जातो. चार खिळ्यांवर आणि जुन्या वाशांवर हे पेलेल का, तुम्हीच सांगा. 16 मे 2021 ला तौक्ते आपल्या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हाची रात्र सगळ्यांना आठवत असेल.

फ्लेक्सला मधे भोकं पाडली की वारा निघून जातो असं बरेच जण मानतात. चार भोकांनी दाब फारसा कमी होत नाही, फक्त फ्लेक्स लवकर फाटतो. त्यापेक्षा 1 जूनला मासेमारी बंदी लागायच्या आधी, जसे आपण जाळी आत घेतो तसा फ्लेक्स उतरवून ठेवा. सांगाडा राहू दे, त्यावर वारा अडत नाही. बोल्टला गंज लागला आहे का ते मात्र बघा. खाऱ्या हवेत साधं लोखंड दोन पावसाळ्यांत भुसा होतं.

सांगाड्याबाबत आणखी एक भीती आहे आणि ती आम्हाला जास्त मोठी वाटते. आपली बरीच घरं आणि मांगर सीआरझेडमध्ये येतात. 2011 च्या सीआरझेड अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळा भाग आहे. त्यात मच्छीमारांच्या घरांची दुरुस्ती, पुनर्बांधणी, आणि अधिसूचित मासेमारी गावांत जाळी दुरुस्तीची जागा, होड्या बांधायचं आवार, बर्फाचा कारखाना, लिलावाची शेड, जेटी अशा धंद्याच्या सोयींना पंचायतीमार्फत वाट ठेवलेली आहे. ही सवलत मासेमारीसाठी आहे. मांगरावर दुसऱ्याच्या हॉटेलची नाहीतर वॉटर स्पोर्ट्सची भाड्याची जाहिरात चढली की शेजारी तक्रार करतो, आणि तक्रार बोर्डाची राहत नाही. "हा मांगर जाळ्यांसाठी नाहीच, धंद्यासाठी आहे," अशी होते. त्यात जमीन कोमुनिदादची किंवा भाटकाराची असेल तर आणखी गुंता. महिन्याच्या थोड्या भाड्यासाठी वाडवडिलांपासून चालत आलेल्या जागेची फाइल उघडू देऊ नका. आम्ही ज्या सभासदाची नोटीस वाचली, त्यातही दुसऱ्या परिच्छेदात मांगराच्या वापराबद्दलच विचारलेलं होतं. त्याने बोर्ड उतरवला, आत जाळी आणि इंजिन असल्याचे फोटो जोडून उत्तर दिलं. मुदतीत दिलं, हे महत्त्वाचं. नोटीस कपाटात ठेवून कुणाचं भलं झालेलं आम्ही पाहिलं नाही.

आता दिव्याचे बोर्ड. हे प्रकरण फक्त पंचायतीचं नाही, तांडेलांचं आहे. खाडीत शिरताना डावीकडे तांबडा आणि उजवीकडे हिरवा, हे आपल्या मुलांनाही पाठ असतं. पण हल्ली नदीच्या मुखाशी प्रत्येक छपरावर तांबडा-हिरवा चमचमता बोर्ड दिसतो. गेल्या हंगामात आपली एक होडी पहाटे परत येताना, मुखाजवळच्या एका नव्या खाणावळीचा तांबडा बोर्ड तांडेलाला खुणेचा दिवा वाटला. होडी वाळूच्या पट्टीला घासली. माणसं सुखरूप, पण पंखा वाकला आणि चार दिवसांची पाळी बुडाली. आम्ही मालकाकडे गेलो, समजावून सांगितलं. त्या भल्या माणसाने तांबडा काढून साधा पिवळा दिवा लावला आणि त्याचं तोंड जमिनीकडे केलं. भांडण न करता झालं म्हणून सांगतो. खुणेच्या दिव्यांचं काम झाकोळेल असं काही करणं 2021 च्या सागरी दिशादर्शक साधनांच्या कायद्याने गुन्हा आहे, हेही त्यांना दाखवावं लागलं नाही. आपल्यापैकी कुणाचं होम-स्टे किंवा शॅक मुखाशी असेल तर आपणच आधी बघा. समुद्राकडे तोंड करून तांबडा, हिरवा किंवा लुकलुकणारा दिवा नको. त्या अंधारात आपलाच माणूस येत असतो.

मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या चार किनाऱ्यांवर तर दिव्याचा बोर्ड हवाच कशाला. तिथे कासवं अंडी घालायला येतात आणि अधिसूचनेत हे किनारे नावानिशी राखलेले आहेत. पिल्लं रात्री वाळूतून बाहेर येतात आणि जिकडे उजेड तिकडे चालतात. निसर्गात तो उजेड पाण्यावरचा असतो. तुमचा बोर्ड जास्त उजळ असला की ती रस्त्याकडे वळतात.

भाषेबद्दल बेळगावला आणि सिंधुदुर्गात गाळा असलेले सभासद नेहमी विचारतात. एकच बोर्ड छापून तिन्हीकडे चालवता येत नाही. कर्नाटकात 2024 च्या दुरुस्तीनंतर दुकानाच्या बोर्डवर 60 टक्के कन्नड हवी, तीही वरच्या भागात. महाराष्ट्रात 2022 च्या दुरुस्तीने लहान दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी सक्तीची झाली. मराठी अक्षरं आधी, आणि दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत. बेळगावच्या आपल्या लोकांना भाषेच्या प्रश्नाचं मनात काय आहे ते आम्हाला ठाऊक आहे, पण गाळ्याच्या बोर्डवर तो लढा लढून माल बर्फात ठेवण्यात अर्थ नाही. वर कन्नड, खाली मराठी, आणि गिऱ्हाईक ओळखतं ते बोर्डवरच्या पापलेटाच्या चित्रावरूनच.

काही गोष्टी मात्र लावायलाच हव्यात. मासळी विकणाऱ्याने अन्नसुरक्षा नोंदणीचा कागद, 14 आकडी क्रमांकासह, गिऱ्हाइकाला दिसेल असा लावायचा. ज्यांची जीएसटी नोंदणी आहे त्यांनी तो क्रमांक दारावरच्या नावाच्या पाटीवर लिहायचा. होडीवरचं नाव आणि नोंदणी क्रमांक हा पंचायतीचा नाही, मत्स्यखात्याचा विषय. पण रंग उडालेला असेल तर बंदीच्या दोन महिन्यांत तोही रंगवून घ्या, कोस्ट गार्ड समुद्रात थांबवून विचारतो तेव्हा डबा-ब्रश मिळत नाही.

ज्यांना नवीन बोर्ड लावायचा आहे त्यांनी कचेरीत येताना घरपट्टीची ताजी पावती, घर क्रमांक, जागा दुसऱ्याची असेल तर त्याचं लेखी संमतीपत्र, आणि बोर्ड कुठे लागणार त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो आणावा. बोर्डची लांबी-रुंदी आणि जमिनीपासूनची उंची मोजून आणा, अंदाजाने नको. अर्ज आम्ही लिहून देऊ, पंचायतीची पोच मात्र तुम्ही स्वतः घ्यायची. कचेरी रविवार सोडून सकाळी 9 ते 1 उघडी असते, आणि लिलावाच्या दिवशी आम्ही जेटीवर भेटतो.