परवाना कुत्र्याचा, रक्त लांडग्याचे

केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने १२ मार्च २०२४ रोजी राज्यांना एक पत्र धाडले. हिंस्र ठरवलेल्या २३ प्रकारच्या कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवा, महापालिकांनी त्यांना परवाने देऊ नयेत, आधीच पाळलेली असतील त्यांची नसबंदी करून घ्या, असा त्याचा आशय होता. यादीत पिटबुल होता, रॉटवायलर होता, तोसा, केन कोर्सो वगैरे मंडळी होती आणि त्याच रांगेत दोन शब्द होते, ‘वुल्फ डॉग्ज’. गदारोळ उठला तो मुख्यतः रॉटवायलर आणि पिटबुल पाळणाऱ्यांचा. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने, संबंधितांचे म्हणणे ऐकून न घेताच पत्रक काढले म्हणून ते रद्द केले. या सगळ्यात वुल्फ डॉग्जबद्दल फारसे कोणी बोलले नाही.

खरे तर यादीतली सर्वांत अवघड नोंद तीच. रॉटवायलर कसा असतो हे सांगता येते, त्याची वंशावळ असते, कागद असतात. वुल्फ डॉग म्हटले की पहिला प्रश्न येतो, ‘त्यात लांडगा किती?’ परवान्याच्या खिडकीत बसलेल्या माणसाने हे मोजायचे कसे, याचे धड उत्तर अजून कोणत्याही देशाला सापडलेले नाही.

कुत्रा आणि लांडगा यांच्यात गुणसूत्रांचा अडसर नाही. दोघांचीही ७८. घोडा आणि गाढवाच्या संकरातून होणारे खेचर सहसा वांझ निघते, तसे इथे होत नाही. लांडगा-कुत्र्याचे पिल्लू पुढे कुत्र्याशीही जुगते आणि लांडग्याशीही. पहिल्या पिढीचा हिशोब सोपा असतो, निम्मे इकडचे, निम्मे तिकडचे. त्या पिल्लाला पुन्हा कुत्र्याशी जुळवले की पुढच्या पिढीत लांडगा पाव उरतो, मग अर्धपाव, मग छटाक. पण हा पाव म्हणजे सरासरी. पिल्लाला गुणसूत्रे वाटली जाताना कोणता तुकडा लांडग्याकडचा येईल आणि कोणता कुत्र्याकडचा, हे नशिबावर असते. एकाच वेतातल्या दोन भावंडांपैकी एकात लांडग्याचा अंश बराच जास्त आणि दुसऱ्यात बराच कमी असे सहज होते. शिवाय पहिल्या पिढीचीच दोन पिल्ले आपसात जुळवली, तर सरासरी निम्मीच राहते, पण एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती लांडग्याच्याच घेऊन जन्मणारे पिल्लू त्यात निघू शकते. विक्रेते ‘८५ टक्के लांडगा’ म्हणून किंमत लावतात तेव्हा हा आकडा बहुधा वंशावळीच्या कागदावर केलेला भागाकार असतो, रक्तात तपासून काढलेला नसतो.

कायद्यांनी मग पिढ्या मोजायची वाट धरली. ब्रिटनमध्ये १९७६ चा धोकादायक वन्यप्राणी कायदा आहे. पहिल्या पिढीचा संकर पाळायचा तर स्थानिक कौन्सिलचा परवाना घ्यावा लागतो. त्यासाठी पशुवैद्य येऊन जागा पाहतो, कुंपण पाहतो, विमाही लागतो. वंश लांडग्यापासून पुरेसा लांब गेला की तोच प्राणी कायद्याच्या लेखी साधा कुत्रा होतो. गंमत अशी, की त्याच ब्रिटनने साध्या कुत्र्याचा परवाना १९८७ साली मोडीत काढला. त्याची फी तेव्हा ३७ पेन्स होती आणि जवळपास निम्मे मालक ती भरतच नव्हते. वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार, म्हणजे साइटीस, मागच्या चार पिढ्यांत कुठे लांडगा असेल तर त्या प्राण्याला वन्य मानतो. नॉर्वे आणि ऑस्ट्रेलियाने हिशोबच बंद केला. चेकोस्लोव्हाकियन वुल्फडॉग ही मान्यताप्राप्त जात असूनही या दोन्ही देशांत तिला दारे बंद आहेत.

चौथ्या पिढीला मारलेली ही रेघ जीवशास्त्राने आखलेली नाही. तिथे लांडगा संपतो असे काही नसते. कुठेतरी थांबायला हवे म्हणून माणसांनी ती मारली आहे.

आता स्वभावाकडे येऊ, कारण परवान्याची खरी चिंता तीच असते. बुडापेस्टच्या ओत्व्होश लोरांड विद्यापीठात आदाम मिक्लोशी आणि सहकाऱ्यांनी लांडग्याची पिल्ले जन्मानंतर काही दिवसांतच आईपासून घेऊन माणसांच्या हाती वाढवली, बाटलीने दूध पाजून, रात्रंदिवस अंगाखांद्यावर ठेवून. त्यांच्यासोबत कुत्र्याची पिल्लेही तशीच वाढवली. मग दोघांना एक काम शिकवले. पिंजऱ्यातून बाहेर आलेली दोरी ओढली की आतला मांसाचा तुकडा हाती लागतो. दोन्ही गट ते झटपट शिकले. त्यानंतर संशोधकांनी गुपचूप दोरी आत बांधून टाकली. कुत्र्याने एकदोनदा ओढून पाहिले आणि मान वळवून मागे उभ्या असलेल्या मालकाच्या तोंडाकडे पाहिले. लांडगा ओढतच राहिला. २००३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लांडगा मठ्ठ होता असे मुळीच नाही. अडले तर माणूस सोडवील, ही कल्पनाच त्याच्या डोक्यात नव्हती.

हा फरक किती लवकर पडतो, हे कॅथरीन लॉर्ड या अमेरिकी संशोधिकेने २०१३ मध्ये दाखवले. दोन्हींच्या पिल्लांची नाके, कान आणि डोळे साधारण एकाच वेळापत्रकाने कामाला लागतात. वास दोन आठवड्यांनी, ऐकणे चार आठवड्यांच्या सुमारास, नजर सहाच्या. पण लांडग्याचे पिल्लू दोन आठवड्यांचे असतानाच हिंडू लागते. म्हणजे जवळपास आंधळे आणि बहिरे असताना, फक्त नाकाच्या भरवशावर. पुढे आवाज येऊ लागतात, दृश्ये दिसू लागतात, तेव्हा ती नवी आणि घाबरवणारी ठरतात. कुत्र्याचे पिल्लू चार आठवड्यांनी बाहेर पडते आणि तोवर कानही उघडू लागलेले असतात. ओळखीच्या जगाची यादी बनवण्याची ही खिडकी लांडग्यात लवकर उघडते आणि लवकरच मिटते. दीड-दोन महिन्यांचे लांडग्याचे पिल्लू विकत आणून ‘प्रेमाने वाढवू’ म्हणणाऱ्याला उशीर झालेला असतो. संकरित पिल्लात ही खिडकी नेमकी कधी मिटेल, हे त्याच्या टक्केवारीवरून सांगता येत नाही.

हे सगळे प्रयोगशाळेबाहेर, नकळत, दोन माणसांनी आधीच करून पाहिले होते. १९३० च्या दशकात हॉलंडमध्ये लेंडर्ट सारलोस याने जर्मन शेफर्ड कुत्रा आणि फ्लेर नावाची लांडगीण यांचा संकर घडवला. जर्मन शेफर्ड फार माणसाळला आहे, त्याच्यात लांडग्याचे काटक रक्त घातले तर अधिक चांगला कामाचा कुत्रा मिळेल, अशी त्याची अटकळ. मिळाला तो लाजाळू, बुजरा, अनोळखी माणूस दिसला की मागे सरणारा प्राणी. १९५५ मध्ये चेकोस्लोव्हाकियात कारेल हार्टल यांनी सीमारक्षक दलासाठी तोच खेळ मांडला. ब्रिता नावाची लांडगीण, सीझर नावाचा जर्मन शेफर्ड. २६ मे १९५८ रोजी पहिली पिल्ले जन्मली. तिथे मात्र पिढ्यान्‌पिढ्या काटेकोर निवड झाली, पुन्हा पुन्हा शेफर्डचे रक्त मिसळले गेले आणि १९८२ साली ती राष्ट्रीय जात झाली. दोन्ही ठिकाणी ‘लांडग्यासारखा’ कुत्रा मिळवताना आधी लांडगाच पातळ करावा लागला. लांडग्याचा दरारा हवा, पण लांडगा नको, या हौसेला माझ्या मते याहून चांगले उत्तर नाही.

आणि मग येते रेबीज. कुत्रा चावला की ‘दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा’ हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. त्यामागे हिशोब आहे. कुत्र्याच्या लाळेत विषाणू आला, की साधारण तेवढ्या दिवसांत तो आजारी पडतो किंवा मरतो, हे प्रयोगांनी पक्के झालेले आहे. लांडगा-संकरासाठी तसे प्रयोग झालेले नाहीत. अमेरिकेत रेबीजची एकही लस संकरित प्राण्यांसाठी अधिकृतपणे मान्य नाही. कुत्र्याची लस त्यांना बहुधा लागू पडत असेल, पण कायद्याच्या दृष्टीने तो प्राणी लस न घेतलेलाच. त्याने कोणाला ओरबाडले, तर आरोग्य खाते दहा दिवस वाट पाहीलच असे नाही. प्राण्याला मारून मेंदूची तपासणी करावी, असा मार्ग उरतो. म्हणून तिथले कितीतरी मालक पशुवैद्याच्या कागदावर ‘हस्की क्रॉस’ असे लिहून मोकळे होतात. परवान्याची पद्धत जितकी कडक, तितका कागद खोटा. मिशिगनने तर २००० साली खास लांडगा-कुत्रा संकरासाठी कायदा केला. नव्याने पाळण्यास बंदी, आधीपासूनचे असतील त्यांना तेवढा परवाना.

आपल्याकडे लांडगा पाळता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आहे, त्यामुळे त्याला पकडणे, बाळगणे हाच गुन्हा. हौस मात्र आहे. २०२५ च्या सुरुवातीला बेंगळुरूतल्या ‘५० कोटींच्या वुल्फडॉग’ची बातमी देशभर फिरली. सक्तवसुली संचालनालयाची माणसे चौकशीला पोहोचली, तेव्हा तो फुगा फुटला.

महाराष्ट्रात खरी गोष्ट उलट्या दिशेने घडते आहे. इथे लांडगा घरात आलेला नाही, कुत्राच लांडग्यात शिरला आहे. पुण्याभोवतीच्या माळरानांवर, सासवड, सुपे, दौंड, इंदापूरच्या पट्ट्यात, भारतीय लांडग्यांचे कळप अजून टिकून आहेत. देशभरात हा लांडगा सुमारे तीन हजारच उरला असावा. या माळांवर कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या निसर्गप्रेमींना काही वर्षांपूर्वी कळपांमध्ये वेगळ्याच रंगाचे, कुत्र्याची छटा असलेले प्राणी दिसू लागले. ‘द ग्रासलँड्स ट्रस्ट’ या पुण्याच्या संस्थेने छायाचित्रांचा माग काढला. बेंगळुरूच्या एनसीबीएस आणि एट्री या संस्थांमधल्या शास्त्रज्ञांनी नमुन्यांचे जनुकीय विश्लेषण केले. अभिनव त्यागी, मिहिर गोडबोले, अबी तमीम वनक आणि उमा रामकृष्णन यांचा शोधनिबंध २०२३ मध्ये आला. भारतीय सवानात लांडगा आणि कुत्रा यांच्या संकराचा हा पहिला जनुकीय पुरावा.

असे का होते, हे माळावर उभे राहिले की कळते. बाभळीच्या कडेला कोंबड्यांच्या शेडमधून फेकलेल्या मेलेल्या कोंबड्या पडलेल्या असतात. पहाटे तिथे लांडगा येतो आणि दिवसा गावातली कुत्री. जागा तीच, खाणे तेच. ढाब्यामागच्या उकिरड्यावर कुत्र्यांची संख्या वाढत जाते, तर लांडगे माणसांच्या हातून, गाडीखाली, विषाने मरत जातात आणि त्यांचे कळप मोडतात. जोडीदार न मिळालेली एकटी मादी उरते आणि कुत्रे भोवती असतातच. जगभरच्या अभ्यासांत बहुतेक संकर असेच सापडले आहेत, आई लांडगीण आणि बाप कुत्रा. लांडग्याचा विणीचा हंगाम वर्षातून एकदाच, कुत्रा बाराही महिने तयार. त्यात कुत्रे आपल्याबरोबर डिस्टेंपर आणि रेबीजही घेऊन येतात.

युरोपने या प्रश्नावर २०१४ मध्ये एक मजेशीर तोडगा मांडला. युरोपातील वन्यजीवांच्या संरक्षणासाठी असलेल्या बर्न कराराच्या समितीने सदस्य देशांना सांगितले, की रानातले संकरित प्राणी सरकारने स्वतः हटवावेत, पण खासगी माणसांना ते मारू देऊ नका. त्यांना लांडग्याइतकेच कायदेशीर संरक्षण द्या. नाहीतर ‘मला संकर वाटला’ म्हणून कोणीही लांडगा टिपेल. त्याच शिफारशीत लांडगे आणि संकर घरी पाळण्यावर निर्बंध घालण्याचेही कलम आहे.

आपल्याकडे तो प्रश्न वनखात्याच्या दारात येतो आहे. संकरित प्राणी अनुसूची एकमधला की गावठी? पकडून बंदिस्त ठेवायचा, की नसबंदी करून परत सोडायचा? पुण्या-मुंबईत पाळीव कुत्र्याला पालिकेचा परवाना लागतो, लसीचा दाखला लागतो, गळ्यात बिल्ला लागतो. हा कागद फ्लॅटमधल्या लॅब्राडॉरपर्यंत पोहोचतो. माळावरच्या फार्महाऊसवर राखणीला बांधलेला आणि रात्री मोकळा सोडलेला कुत्रा ग्रामपंचायतीच्या हद्दीत असतो. तिथे परवाना विचारायला कोणी येत नाही आणि त्याची नसबंदी झाली आहे का, हेही कोणी पाहत नाही. लांडग्याच्या दृष्टीने खरा परवाना त्याच कुत्र्याला हवा.