बारा व्होल्टला जाड वायर कशासाठी?

बारा व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या जोडताना हाती येईल ती वायर लावली जाते. पण वायर तापते ती करंटमुळे, आणि व्होल्ट कमी असले की तेवढ्याच कामाला करंट जास्त लागतो. ७०० वॉटचा लोड २३० व्होल्टवर जेमतेम ३ अँपिअर घेतो. तोच १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवायचा, तर इन्व्हर्टरमधली घट धरून ७० अँपिअरच्या आसपास लागतात. गिझरसाठी वापरतात ती ४ एमएमची तांब्याची वायर इथे लावली आणि जाऊन-येऊन चार मीटर झाली, तर सव्वा व्होल्टच्या आसपास वाटेतच खर्ची पडतो आणि वायरीत ८५ वॉटहून जास्त उष्णता तयार होते. एवढ्याने इन्सुलेशन वितळू लागतं. २५ एमएमच्या केबलमध्ये हाच आकडा १४ वॉटवर येतो.

‘आमची बारीक वायर इतकी वर्षं चाललीच ना?’ असं कोणी म्हणेल. चालली, कारण तिच्यावर दोन पंखे आणि एक ट्यूब होती. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते; पुढे मिक्सर किंवा फ्रिज जोडला की हिशोबच बदलतो. शिवाय नुसती जाडी पुरत नाही. जुन्या जोडणीत टर्मिनल नीट पाहा: पीळ देऊन नटाखाली दाबलेल्या तारा, त्यातल्या चार-दोन बाहेर सुटलेल्या, भोवती पांढरी-हिरवट बुकटी. अशा सांध्याचा रोध ५ मिलीओहम जरी झाला, तरी ७० अँपिअरला नखाएवढ्या जागेत जवळपास २५ वॉट साठतात. म्हणून केबलच्या मापाचा लग हवा, तो क्रिंपिंगच्या हत्याराने दाबलेला हवा. पक्कड आणि हातोडीचं हे काम नाही. दोन बॅटऱ्या पॅरललमध्ये असतील तर प्लस एकीवरून आणि मायनस दुसरीवरून घ्यावा, नाहीतर जवळच्या बॅटरीवर जास्त भार पडून ती आधी थकते.

जाड केबल महाग पडते हे खरं, पण बॅटरीच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळ आहे. आणि इन्व्हर्टरमध्ये फ्यूज असतोच, हा भरवसा अपुरा आहे: तो यंत्राला वाचवतो, बॅटरीपासून यंत्रापर्यंतच्या केबलला नाही. त्या वाटेत शॉर्ट झालं तर १५० एएचची बॅटरी हजाराहून जास्त अँपिअर ओतू शकते. त्यामुळे प्लस टर्मिनलच्या अगदी जवळ केबलला झेपेल त्या मापाचा, डीसीसाठीचाच फ्यूज हवा. बॅटरी बदलायला वायरमन आला की केबल किती एमएमची आणि फ्यूज कुठे, हे दोन प्रश्न पैसे देण्याआधी विचारा.