मधुमेहींची जखम : कोरडी की ओलसर?

‘डॉक्टर, जखम उघडी ठेवली की लवकर सुकते ना?’ मधुमेही रुग्ण मला हे हमखास विचारतात. समज जुना, पण खरा नाही. १९६२ साली ब्रिटनमध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांवर प्रयोग केला. पातळ पॉलिथिनने झाकलेल्या जखमांवर उघड्या जखमांच्या सुमारे दुप्पट वेगाने नवी त्वचा आली. खपली धरली की नव्या पेशींना तिच्याखालून वाट काढावी लागते. ओलाव्यात त्या सहज सरकतात.

यातूनच आधुनिक पट्ट्या आल्या. जखमेतून फार पाणी सुटत असेल तर ते शोषणारी, समुद्री शेवाळापासून केलेली अल्जिनेट पट्टी. कोरड्या जखमेला ओलावा देणारे हायड्रोजेल. २०१८ साली युरोपातील २४० मधुमेही रुग्णांच्या पायाच्या जखमांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. सुक्रोज ऑक्टासल्फेट असलेल्या पट्टीने २० आठवड्यांत ४८ टक्के जखमा भरल्या. त्या औषधाविना ३० टक्के.

मात्र ओलसर म्हणजे पाण्यात भिजवलेली नव्हे. शिवाय साखर आटोक्यात हवी, पायाचा रक्तपुरवठा तपासायला हवा आणि जखमेवर भार पडता कामा नये. बधिर पायाची जखम दुखत नाही, म्हणून ती किरकोळ समजू नका. लाली, सूज, दुर्गंधी किंवा ताप दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.