हौसेला वशिला नाही

‘हौशी’ हा शब्द आपण मराठी माणसांनी जरा केविलवाणा करून ठेवला आहे. हौशी नट म्हटला की पाठांतर कच्चे, हौशी गवई म्हटला की शेजारी सावध, आणि हौशी छायाचित्रकार म्हटला की पाहुण्यांची डोकी फोटोच्या बाहेर, असेच काहीसे डोळ्यांपुढे येते. वास्तविक इंग्रजीतल्या ‘अमॅच्युअर’ या शब्दाचे मूळ लॅटिनमधल्या प्रेमवाचक धातूत आहे. पोटासाठी नव्हे, तर प्रेमापोटी जो एखादे काम करतो तो हौशी. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो, तेव्हा शब्दांची अशी वकिली करणे माझ्या धंद्यातच आले. पण या शब्दाचा पुरता अर्थ मला कोशात नव्हे, घरात समजला.

आमच्या घरात एक हौशी खेळाडू आहे. वय वर्षे चव्वेचाळीस, नोकरी बँकेत, चिरंजीव बारावीला, आणि नाते म्हणाल तर माझी पत्नी. चाळिशीत ती पोहायला शिकली. त्यानंतर सायकल आली, धावण्याचे बूट आले आणि पहाटे सव्वाचारचा गजरही आला. धावण्याचा एक जोड साधारण पाचशे ते आठशे किलोमीटर टिकतो, हे ज्ञान मला घरखर्चाच्या वहीतून झाले. आमच्या मातोश्रींनी पहिल्याच आठवड्यात विचारले होते, “अगं, पोलीस मागे लागल्यासारखी धावतेस कशाला?” याला उत्तर नव्हते. धावून परत आल्यावर तिने मुकाट्याने कुकर लावला.

धावण्याचे वेड आपल्याकडे आजचे नव्हे. शंभर वर्षांपूर्वी पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर अनवाणी धावणारी खेड्यापाड्यांतली पोरे पाहून सर दोराबजी टाटा थक्क झाले आणि त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदी खेळाडू पाठवण्याची खटपट झाली. त्यांत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते एकोणिसावे आले. एकोणिसाव्याला पदक नसते. तरीही त्या धावण्याची नोंद आज शंभर वर्षांनंतरही आहे.

तीन खेळांची शर्यत, म्हणजे ट्रायथलॉन, ही त्या मानाने तरुण. आधी पोहणे, मग सायकल, मग धावणे. मध्ये विसावा नाही. ओले अंग पुसून बूट चढवण्याचा वेळदेखील हिशेबात धरतात. १९७८ साली हवाई बेटांवर तिच्या लांब पल्ल्याच्या प्रकाराचा, ‘आयर्नमॅन’चा, आरंभ झाला तेव्हा पंधरा जण सुरुवातीला उभे होते आणि बारा जण शेवटास गेले. पुढे २००० साली सिडनीला हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला, पण तिथले अंतर पुष्कळ आटोपशीर: दीड किलोमीटर पोहणे, चाळीस सायकल, दहा धावणे.

आमचा २०२४ चा हंगाम पावसाळ्यात साताऱ्याला सुरू झाला. ‘आमचा’ म्हणतो, कारण पिशव्या मी उचलल्या. साताऱ्याची ती डोंगरावरची अर्धमॅरेथॉन म्हणजे सुमारे एकवीस किलोमीटर. गावातून निघून यवतेश्वरच्या घाटाने कासच्या रस्त्याला लागायचे आणि त्याच वाटेने खाली यायचे. चढ कठीण असेल ही माझी समजूत होती, पण खरा त्रास उताराचा. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच लगामासारखे सारे अंग आवरून धरतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी जिना उतरणे मुश्किल होते. ही दोन तास अठ्ठेचाळीस मिनिटांत हसत परतली आणि पुढे दोन दिवस जिना उलट्या पावलांनी उतरली.

खरी परीक्षा गोव्याची. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस, अगदी दिवाळीच्या तोंडावर, मिरामारच्या समुद्रात १.९ किलोमीटर पोहणे, नंतर ९० किलोमीटर सायकल आणि शेवटी २१ किलोमीटर धावणे. वर्षभर रविवारी पहाटे खडकवासल्याच्या रस्त्याला सायकली धावल्या होत्या त्या यासाठी. पोहण्याच्या तलावाच्या तळाशी काळी रेघ असते, दमल्यावर धरायला कठडा असतो. समुद्रात रेघ नाही आणि कठडाही नाही. डोके वर काढून लांबचा बोया पाहायचा आणि पुन्हा पाण्यात तोंड घालायचे. ज्या बाईने चाळिशीपर्यंत गुडघ्याच्या वर पाणी पाहिले नव्हते, ती बावन्न मिनिटांनी वाळूवर चालत आली, तेव्हा मी चारचौघांत ओरडलो.

मग ऊन चढले. त्या दमट उन्हात घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. त्यात चाक दोनदा पंक्चर झाले. दुसऱ्यांदा झाले तेव्हा दैवयोगाने मी तिथेच रस्त्याच्या कडेला उभा होतो. पंक्चर मला बरे काढता येते. पण बाहेरच्या कोणाचा हात लागला की नियम मोडतो. तेव्हा ती खाली बसून थरथरत्या बोटांनी ट्यूब बदलत होती आणि मी दहा हातांवर, दोन्ही हात पाठीमागे धरून उभा होतो. लग्नाला वीस वर्षे झाली. इतका निरुपयोगी मी कधी नव्हतो.

सायकलीचा टप्पा संपायला ठरलेल्या मुदतीपेक्षा सहा मिनिटे अधिक लागली. पंचांनी नम्रपणे थांबवले आणि पायाला बांधलेली वेळ मोजणारी पट्टी सोडून घेतली. धावणे राहूनच गेले.

वसुबारसेला घरी पोहोचलो. फराळाच्या वासात मामा सांत्वनाला आले. मामांचा सारा जन्म सरकारी कचेरीत गेलेला. म्हणाले, “सहा मिनिटं म्हणजे काय गं? कोणी ओळखीचं नव्हतं का तिथं? जरा शब्द टाकायचा.”

ती म्हणाली, “मामा, शब्द टाकून मिळालं असतं तर ते मेडल मी कोणाला दाखवलं असतं?”

आईने चकलीचा सोऱ्या खाली ठेवला. “मग पुढच्या वेळी सहा मिनिटं आधी निघ.”

“आई, घड्याळ आपल्याबरोबरच निघतं हो.”

आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “बरं, आज तू पाय वर करून बस. चकल्या मी पाडते.”

मी दरसाल उत्तरपत्रिका तपासतो. एक-दोन गुणांनी अडलेल्या मुलाला ग्रेस देऊन पुढे ढकलणे आमच्याकडे नियमात बसते आणि त्यात दयाही असते. पण आपल्या मध्यमवर्गाचे निम्मे आयुष्य अशा सवलतीत आणि ओळखीत जाते, नाही का? शाळेचा प्रवेश, गाडीचे तिकीट, इस्पितळातली खाट, सगळीकडे ‘कोणी आहे का आपलं?’ हा पहिला प्रश्न. जिथे काही मिळवायचे नाही, कोणी बोलावलेले नाही, अशा ठिकाणी पदरचे पैसे भरून जायचे आणि घड्याळ सांगेल ते मान्य करायचे, ही हौस मला त्या दिवसापासून थोर वाटू लागली.

पुढे १९ जानेवारी २०२५ रोजी मुंबईची मॅरेथॉन झाली. अंतर बेचाळीस किलोमीटर आणि वर १९५ मीटर. काळोखात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून निघायचे, सागरी सेतू ओलांडायचा, आणि परतताना पाय संपत आले असता पेडर रोडचा चढ समोर उभा राहतो. इथे मात्र मदतीला मज्जाव नाही. फुटपाथवर उभी राहिलेली अनोळखी माणसे संत्र्याच्या फोडी, बिस्किटे, मीठ पुढे करत होती. लहान मुले टाळीसाठी हात काढून उभी होती. त्यांच्यात मीही संत्री सोलत उभा राहिलो. तिने माझ्या हातची फोड घेतली आणि शेजारच्या आजींच्या हातचीही घेतली. पाच तास एकेचाळीस मिनिटांनी तिची शर्यत पुरी झाली. तिच्या पुढे हजारो माणसे होती, आणि मागेही बरीच होती.

ते पदक देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्यावर आईने स्वतः टांगले. त्याच्या बाजूला दुसरा खिळाही ठोकून घेतला आहे. तो गोव्यासाठी. नावनोंदणी झाली आहे आणि सव्वाचारचा गजर पुन्हा सुरू झाला आहे. मामांनी परवा गोव्यातल्या एका परिचिताचा पत्ता आणून दिला. तिने तो जपून ठेवला, म्हणाली, “शर्यत झाली की त्यांच्याकडे जेवायला जाऊ.”